शिक्का आणि मोर्तब

कुलूप वेगळें आणि मोर्तब वेगळें, एवढेंच सांगण्यासाठीं आजचा लेख आहे. विषय संगणकाचा आहे. परंतु तो लिहावयास कारण झाली ती माझ्या हातून घडलेली एक जुनी चूक, म्हणून आरंभ तिच्यापासूनच करतों.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या एका विद्यार्थ्याची आई कापडी पिशवींत कागद घेऊन माझ्याकडे आली. बाई विधवा, नवऱ्याच्या पश्चात् मिळालेल्या पैशांतून नालासोपाऱ्याकडे एका नव्या इमारतींत दोन खोल्या घेण्याचें त्यांनीं ठरविलें होतें. "गुरुजी, आपण एकदां हे कागद वाचून पाहा, म्हणजे मला धीर येईल," असें त्या म्हणाल्या. मीं चष्मा लावला आणि तासभर कागद वाचले. बांधकामाची परवानगी होती, बिनशेतीचा आदेश होता, भोगवट्याचा दाखला होता. प्रत्येकावर जावक क्रमांक, गोल शिक्का आणि लफ्फेदार सही. भाषा शुद्ध, ऱ्हस्वदीर्घाची एकहि चूक नाहीं. "कागद ठीक दिसतात," असें मीं सांगितलें. पुढें ती इमारत अनधिकृत ठरली आणि कागद बनावट निघाले. बाई आतां मुलाच्या भाड्याच्या खोलींत राहतात. त्यांनीं मला आजवर एका शब्दानें दोष दिला नाहीं. म्हणून तो मलाच स्वतःस द्यावा लागतो.

हें दुःख एका घराचें नाहीं. नालासोपारा पूर्वेस मैलापाणी शुद्ध करण्याच्या केंद्रासाठीं व कचराभूमीसाठीं राखून ठेवलेल्या जमिनीवर बनावट कागदांच्या आधारें ४१ इमारती उभ्या राहिल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार त्या पाडण्याचें काम नोव्हेंबर २०२४ मध्यें सुरू झालें आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें संपलें. सुमारें अडीच हजार कुटुंबें उघड्यावर आलीं. त्यांपैकीं बहुतेकांनीं कागद पाहिले नसतील असें नाहीं. पाहिले असतील, परंतु माझ्याप्रमाणेंच कागदाचें रूप पाहिलें असेल, मूळ पाहिलें नसेल.

माझ्या थोरल्या बंधूंचा नातू विरारला राहतो. पतपेढ्यांच्या हिशेबाचें सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या मंडळींत तो काम करतो. ही हकीकत मीं त्याला सांगितली तेव्हां तो म्हणाला, "आजोबा, तुम्हांला ज्या लबाडीनें फसविलें तीच लबाडी आमच्या धंद्यांत अष्टौप्रहर चालूं पाहते. फरक इतकाच, कीं तेथें शिक्का खरा कीं खोटा हें डोळ्यांनीं ठरवीत नाहींत, गणितानें ठरवितात." मीं म्हटलें, "मग तें गणित मला शिकव. मॅट्रिकपर्यंतचें गणित आणि थोडें व्याकरण एवढेंच माझें भांडवल आहे." तीन रविवार आम्ही यावर बसलों. त्यांतून मला जें समजलें तें वाचकांपुढें ठेवतों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मजकूर गूढ केला, म्हणजे तो सुरक्षित झाला, असें आपणांस वाटतें. तें खरें नाहीं. समजा, एका गृहस्थानें आपल्या पेढीस 'अमक्यास १००० रुपये द्यावे' असा निरोप पाठविला. आंकडा कोणास कळूं नये म्हणून त्यानें आणि पेढीनें ४७२९ हा गुप्त आंकडा आधींच ठरविला आहे. प्रत्येक स्थानच्या अंकांत गुप्त अंक मिळवावयाचा व हातचा सोडून द्यावयाचा, ही रीत. १ आणि ४ मिळून ५, शून्य आणि ७ मिळून ७, याप्रमाणें १००० चे ५७२९ झाले. वाटेंतल्या लबाडास ५७२९ वरून मूळ आंकडा कळणें शक्य नाहीं; कारण गुप्त आंकडा कोणताहि असूं शकतो. कुलूप उत्तम आहे. परंतु रक्कम हजाराची आहे, एवढें त्यास बाहेरून कळलें असेल तर? तो पहिल्या अंकांत ८ मिळवील. ५ आणि ८ मिळून १३. हातचा सोडला, राहिले ३. निरोप झाला ३७२९. पेढी त्यांतून ४७२९ उलट रीतीनें वजा करील. ३ मधून ४ जात नाहींत, म्हणून १३ मधून ४ गेले, राहिले ९. पुढें तीन शून्यें. पेढी ९००० रुपये देऊन मोकळी होईल. किल्ली कोणास सांपडली नाहीं, कुलूप फुटलें नाहीं, आणि आंतील माल मात्र बदलला!

आज जगांत सर्वत्र चालणारें गूढलेखन 'एईएस' या नांवाचें आहे. बेल्जियमच्या डेमेन व राइमेन या दोन पंडितांनीं तें रचलें आणि २००१ सालीं अमेरिकेच्या सरकारनें तें मानक म्हणून स्वीकारलें. आमच्या वरील आंकडेमोडीशीं त्याची तुलना करणें म्हणजे शिवणाच्या सुईशीं तलवारीची तुलना करणें होय. तरीहि तें वापरण्याच्या एका रूढ पद्धतींत त्यापासून गुप्त अंकांचा प्रवाह काढून तो मजकुरांत असाच मिसळतात; आणि वेगळी मोर्तब नसेल तर वरील लबाडी तेथेंहि जशीच्या तशी चालते.

याच उदाहरणांत दुसरा एक धोका आहे. त्याच गृहस्थानें दुसऱ्या दिवशीं २५०० रुपयांचा निरोप त्याच ४७२९ या आंकड्यानें पाठविला, तर त्याचें रूप ६२२९ होईल. लबाडानें ६२२९ मधून ५७२९ त्याच रीतीनें वजा केले, कीं त्याच्या हातीं १५०० येतात. म्हणजे दोन मूळ रकमांतील नेमका फरक. गुप्त आंकडा मध्येंच गळून गेला! गेल्या महायुद्धाच्या काळांत सोव्हिएत रशियाच्या गूढलेखकांनीं एकदांच वापरावयाचीं पानें कांहीं वेळां पुन्हां वापरलीं. तेवढ्या प्रमादावरून अमेरिकेच्या तज्ज्ञांनीं पुढें वर्षानुवर्षें बसून त्यांचे हजारों निरोप अंशतः वाचले. म्हणून आजच्या संगणकांत प्रत्येक निरोपासाठीं एक नवा, पुन्हां कधींहि न वापरण्याचा अंक घेतात. तो गुप्त नसला तरी चालतो. दोनदां आलेला मात्र चालत नाहीं.

आतां मोर्तबीकडे वळूं. आमची आजी पिठाचा डबा भरला म्हणजे पीठ सारखें करून त्यावर आपल्या पंजाचा ठसा उठवीत असे. डब्यास कुलूप नव्हतें. कोणीहि तो उघडावा. परंतु मूठभर पीठ काढलें, कीं ठसा मोडे. दुसऱ्या कोणीं आपला पंजा उठवावा तर आजीच्या अनामिकेचें पेर लहानपणीं विळीवर कापलेलें होतें. तसें बोट घरांत दुसऱ्या कोणाचें नव्हतें. डब्यांत काय आहे हें तिनें लपविलें नाहीं. डबा हलला कीं नाहीं, एवढें मात्र तिला सकाळीं उठून कळत असे. कुलूप आणि मोर्तब यांतील भेद याहून सोप्या रीतीनें मला सांगतां येणार नाहीं.

येथें कोणी विचारील, कीं आपल्या वेदपाठांत हेंच नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन या आठ विकृति पाठ शुद्ध राहावा म्हणूनच योजिल्या. तीन पदें क, ख, ग मानलीं तर घनांत तीं 'कख, खक, कखग, गखक, कखग' अशीं म्हणावयाचीं. एक पद विसरलें वा उलटलें, तर पुढच्याच आवृत्तींत ठेच लागते. या परंपरेचा युनेस्कोनें २००३ सालीं गौरव केला तो योग्यच होय. परंतु ही योजना विस्मरणाविरुद्ध आहे, कपटाविरुद्ध नव्हे. घनाचा नियम उघड आहे. बदललेल्या पदांचाहि घन कोणी वैदिक बिनचूक म्हणून दाखवील. कपटापासून तेथें रक्षण झालें तें गांवोगांवच्या शेंकडों पाठकांमुळें. एकानें बदल केला तरी इतरांच्या मुखांत मूळ पाठ होताच.

शाळेंत मी गुणाकाराचा ताळा नऊ टाकून पाहावयास शिकवीत असें. तोहि याच जातीचा. एखादें चलाख पोर २७ च्या जागीं ७२ लिही आणि ताळा जुळला म्हणून हुज्जत घाली. कारण अंकांची अदलाबदल या ताळ्यास दिसत नाहीं. आपल्या आधार क्रमांकाच्या बारा अंकांतील शेवटचा अंक असाच ताळ्याचा आहे. तो फेरहूफ नांवाच्या डच गणितज्ञानें १९६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतीनें काढतात. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर तो चूक पकडतो. परंतु तीहि रीत उघड असल्यामुळें, ताळा जुळणारा खोटा क्रमांक कोणासहि बनवितां येतो. ताळा प्रमाद पकडतो. चोर पकडण्यास ताळ्याबरोबर एखादें रहस्य लागतें.

तें रहस्य म्हणजे आजीचें बोट, किंवा राजाची मुद्रा. 'मोर्तब' हा शब्द मूळ अरबी 'मुरत्तब' पासून फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला. नीट रचून पुरा केलेला, असा त्याचा अर्थ. शिवछत्रपतींच्या पत्रांवर आरंभीं मुख्य मुद्रा असे आणि मजकूर संपला तेथें 'मर्यादेयं विराजते' ही लहान मुद्रा असे. येथें लेखनाची मर्यादा झाली. याखालीं कोणीं एक ओळ घुसडली तर ती राजाची नव्हे, हा तिचा भावार्थ. ज्या कोणाच्या डोक्यांत ही युक्ति प्रथम आली, त्यास कागदाशीं होणारी लबाडी पुरी ठाऊक होती.

परंतु लांकडाच्या वा धातूच्या मुद्रेंत एक उणीव आहे, आणि त्या बाईंचें घर गेलें तें त्याच उणिवेमुळें. मुद्रा प्रत्येक कागदावर सारखीच उमटते. कागदांत काय लिहिलें आहे याच्याशीं तिचा कांहींएक संबंध नाहीं. तिचा खोटा ठसा एकदां कोरला, कीं हव्या त्या मजकुरावर तो उठवितां येतो. आजच्या गणिती मोर्तबीनें ही उणीव भरून काढली आहे. मजकुराचें प्रत्येक अक्षर आणि गुप्त किल्ली हीं दोन्हीं एका चक्कींत घालून त्यांचें पीठ करतात, आणि तें पीठ हीच त्या निरोपाची मोर्तब. 'शा-२५६' नांवाच्या प्रसिद्ध चक्कींतून मजकूर एका ओळीचा असो वा महाभारताएवढा असो, चौसष्ट चिन्हांचा ठसा निघतो. आणि मूळांत एक अनुस्वार इकडचा तिकडे झाला तरी ठसा ओळखूं येणार नाहीं इतका पालटतो. नुसती चक्की उघड आहे, म्हणून तींत किल्ली मिसळण्याची रीत नेमून द्यावी लागते. ती बेलारे, कॅनेटी व क्रॉचिक या तिघांनीं १९९६ सालीं मांडली व ती 'एच-मॅक' या नांवानें चालते. ज्याच्याजवळ किल्ली नाहीं त्यास त्या मजकुराची मोर्तब करतां येत नाहीं, आणि एका मजकुराची मोर्तब दुसऱ्यास चिकटवितांहि येत नाहीं.

आपल्या घरोघरचीं मुलें व मुली आज या धंद्यांत आहेत. त्यांच्यासाठीं नातवानें सांगितलेले चार नियम येथें नोंदवितों. पहिला: स्वतःची गूढ रीत शोधण्याच्या भरीस पडूं नये. केर्कहोफ्स या पंडितानें १८८३ सालींच सांगून ठेविलें आहे, कीं रीत शत्रूच्या हातीं पडली तरी हरकत नसावी. गुप्त राहावी ती किल्ली. कुलूप व मोर्तब एकत्र करणारी 'जीसीएम' नांवाची पद्धति २००७ पासून मानक आहे. जाणत्यांनीं पारखलेली अशी तयार पद्धतच घ्यावी. तींतहि तो एकदांच वापरण्याचा अंक चुकून दोनदां वापरला, तर मोर्तबीचें रहस्यसुद्धां फुटूं शकतें, हें विसरूं नये.

दुसरा: कुलूप व मोर्तब स्वतंत्रपणें करावयाची झाल्यास आधीं लखोटा बंद करावा आणि मग बंद लखोट्यावर मोर्तब करावी. ज्यास तो मिळेल त्यानें प्रथम मोर्तब पाहावी. ती जुळली नाहीं तर लखोटा न उघडतां, कारणाचा पाल्हाळ न लावतां, परत करावा. २००२ सालीं व्होदने या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें, कीं लखोटा आधीं उघडून 'याची घडी चुकली आहे' एवढीच कुरकुर करणाऱ्या यंत्राला पुन्हां पुन्हां खोटे लखोटे पाठवून, त्याच्या कुरकुरीवरूनच खरा मजकूर अक्षरशः वाचून काढतां येतो. वाचाळ द्वारपाल घरभेद्याइतकाच घातक!

तिसरा: जुना खरा निरोप चोरून तोच पुन्हां धाडणें, हीहि एक लबाडी आहे. मोर्तब जुळेल आणि पैसे दोनदां जातील. म्हणून जावक क्रमांक व दिनांक हे मोर्तबीच्या आंत असावे, आणि आलेला क्रमांक पुन्हां आला तर नाकारावा. चौथा नियम किल्लीचा: ती सॉफ्टवेअरच्या मजकुरांतच लिहून ठेवणें म्हणजे कडीला कुलूप लावून किल्ली त्याच कडीला टांगणें होय. आणि कुलपाची किल्ली व मोर्तबीची किल्ली एकच नसावी.

हे नियम पोथींतले वाटतील. पण त्यांची किंमत आपल्या महाराष्ट्रानें मोजली आहे. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरांत तिचें पासबुक असेल. ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवशीं चोरांनीं तिचे सुमारें ९४ कोटी रुपये लांबविले. नोटा देणाऱ्या यंत्रांतून २८ देशांत पैसे काढले गेले. यंत्र पैसे देण्यापूर्वीं 'देऊं का?' असें बँकेस विचारतें. चोरांनीं मध्यें एक तोतया उत्तरदाता बसविला, आणि तो मुख्य हिशेबास न विचारतां 'द्या' असें म्हणत राहिला. निरोप गुप्त होता कीं नव्हता, हा तेथें प्रश्नच उरला नाहीं. 'होय' म्हणणारा कोण, हा प्रश्न होता.

एक शंका उरते. एच-मॅकची किल्ली दोघांजवळ सारखीच असते. म्हणून दोघांत तंटा झाला तर निरोप कोणीं लिहिला हें तिऱ्हाइतास ठरवितां येत नाहीं. सरकारी कागदास हें चालणार नाहीं. त्यासाठीं किल्लीचे दोन भाग करतात. एकानें फक्त सही करतां येते व तो सही करणाऱ्याजवळ गुप्त असतो, दुसऱ्यानें फक्त पडताळतां येते व तो सर्वांस खुला असतो. ही कल्पना डिफी व हेलमन यांनीं १९७६ सालीं प्रसिद्ध केली आणि दुसऱ्याच वर्षीं रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन यांनीं ती गणितानें साधली. आपल्याकडे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें अशा सहीस मान्यता दिली, आणि २०१८ पासून महाराष्ट्रांत डिजिटल सहीचा सातबारा मिळूं लागला. त्यावर पडताळणीचा क्रमांक असतो. तो सरकारच्या संकेतस्थळावर घालून कोणासहि मूळ नोंद पाहतां येते. मात्र त्याची झेरॉक्स प्रत म्हणजे सही नव्हे. कागदावर उमटलेलें सहीचें चित्र पुन्हां त्या गोल शिक्क्याच्याच योग्यतेचें होतें.

शिवाय मोर्तब सांगते ती एवढेंच, कीं हें अमक्यानें लिहिलें आणि मागून कोणीं बदललें नाहीं. तें खरें आहे असें ती सांगत नाहीं. कल्याण-डोंबिवलींत महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींची महारेराकडे नोंदणी मिळविण्यांत आली होती. नोव्हेंबर २०२४ मध्यें उच्च न्यायालयानें त्या पाडण्याचा आदेश दिला. नोंदणीचा क्रमांक खरा होता. ज्या कागदावरून तो मिळाला तो खोटा होता. साखळीची प्रत्येक कडी तिच्या उगमाशीं जाऊन पडताळली नाहीं, तर शेवटच्या कडीची चकाकी आपणांस फसविते.

गेल्या महिन्यांत त्याच बाईंचा मुलगा कागदांची पिशवी घेऊन आला. त्याला आईसाठीं वसईंतच एक लहान जागा घ्यावयाची आहे. "गुरुजी, एकदां नजर टाका," तो म्हणाला. मीं चष्मा काढून ठेवला आणि फक्त जावक क्रमांक, गट क्रमांक व नोंदणी क्रमांक एका कागदावर उतरून घेतले. सातबारा व महारेराची नोंदणी नातवानें संकेतस्थळावर पाहिली. परवानगीसाठीं आम्ही दोघे त्या कचेरींत गेलों आणि मूळ नोंदवही पाहूं द्यावी असा लेखी अर्ज दिला. कारकुनानें कपाळास आठ्या घातल्या, दोन खेपा घालावयास लावल्या, आणि शेवटीं वही उघडली. त्या जावक क्रमांकावर दुसऱ्याच एका इमारतीची नोंद होती.

मुलानें जागा घेतली नाहीं. पैसे वाचले, घर अजून मिळावयाचें आहे, आणि तो आतां दुसरे कागद पाहतो आहे. त्यांचेहि क्रमांक मीं उतरून ठेविले आहेत. येत्या सोमवारीं पुन्हां कचेरींत जावयाचें आहे.